बिया पाच, क्वचित सहा

सुषमा धोडी लहानपणापासून दर सुट्टीत मावशीकडे जात आली होती आणि रोज सकाळी गोठ्यामागच्या त्या झुडपाशी उभं राहून तिने राखुंडीने दात घासले होते. पुढे ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, डहाणूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली, पीएच.डी.ला नाव घातलं, आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत त्या झुडपाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. वाटाण्याच्या कुळातली फुलं पोरांना फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवणारी बाई, आणि घरामागचं दिसत नाही. आता बोला.

पाहिलं ते दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात. तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या जीपमधून उतरून अर्धा तास चढ चढला की सागाच्या उतारावर नऊ घरांचा सायपाडा लागतो. वरून पाहिलं तर राज्याच्या हद्दीपलीकडच्या कारखान्यांचे पत्रे चमकताना दिसतात. शनिवारी दुपारी ती पोचली, गोठ्यामागे हातपाय धुवायला गेली आणि समोरच्या फुलावर भुंगा बसला म्हणून तिने मान वर केली. फुलाची पाकळी पिवळी, तिच्यावर तपकिरी रेघा. तशी ती घागरीच म्हणायची. पिकलेली शेंग वाजते म्हणून लोक तिला घागरी म्हणतात, माळावर मुबलक असते. पण हिचं पान तीन पर्णिकांचं होतं, मधली मोठी, कडेच्या दोन लहान आणि खालून चंदेरी लव. तीन पर्णिकांच्याही घागऱ्या असतात, नाही असं नाही. त्यांच्या शेंगेत बिया मात्र पंचवीस-तीस असतात. सुषमाने एक शेंग देठासकट उन्हाकडे वळवली. पातळ हिरव्या सालीतून आतले काळे ठिपके दिसत होते. मोजले, तर पाच.

तिने पुन्हा मोजले, पाचच. नवी जात सापडली तर काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुंबईतले तिचे मार्गदर्शक सर दर भेटीत म्हणायचे, "एक नवी जात तुझ्या नावावर लागू दे, कॉलेज तुला तासिकेवर ठेवतंय का बघू." सहा वर्षं ती दर जूनमध्ये नव्याने अर्ज करत होती, आणि तिनेच शिकवलेला एक मुलगा मागच्या वर्षी कायम होऊन स्टाफरूममध्ये तिच्या शेजारी बसायला लागला होता. तो तिला अजून मॅडम म्हणायचा, तेच जास्त झोंबायचं.

"मावशी, हे कुणी लावलं?" तिने विचारलं.

नवशी मावशी सुपात तांदूळ पाखडत होती. सुषमाची आई गेली तेव्हापासून या बाईनेच तिला सुट्टीत जेवू घातलं, तिची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत जपली. तिने मान वर केली नाही. "कोण लावणार? घर बांधलं की येते. घरघागरी ती. दर घराला असते."

"फांदी नेऊ का? अभ्यासाला."

"फांदी ने. शेंग नको मोडू."

शेंगेचा रिवाज मग शुक्रीने सांगितला. शुक्री मावशीची धाकटी मुलगी, लग्नाला आलेली, तोंडाने सैल. भात झोडून झालं की घरातली वडीलधारी बाई एक शेंग उघडते, आतल्या बिया तळहातावर घेऊन बघते आणि त्याच झुडपाच्या बुडाशी पुरते. याला घर बघणं म्हणायचं. बाकीच्या शेंगा कुणी तोडत नाही, त्या आपोआप गळतात. दुसऱ्याच्या घराची शेंग तर बघायचीसुद्धा नाही.

"बघितली तर काय होतं?" सुषमाने विचारलं.

"मला काय ठाऊक? कुणी बघतच नाय," शुक्री म्हणाली.

सुषमाने बघितली. शेंग मोडायची नाही ना, मग मोडली नाही. रविवारी सगळे कापणीनंतरच्या कामाला शेतावर गेल्यावर ती नऊही घरांच्या परसात वही घेऊन फिरली आणि प्रत्येक झुडपाच्या तीस-तीस शेंगा जागच्या जागी उन्हाकडे वळवून मोजल्या. पाड्यातल्या काळ्याचा म्हातारा बाप घरीच होता, त्याने तिला बसायला पाटसुद्धा दिला. "बस पोरी, पाय दुखतील," म्हणाला. गावकऱ्यांचा समज त्यांच्यापाशी, आपली मोजमापं आपल्यापाशी, असा तिचा साधा हिशेब होता.

डहाणूला परत आल्यावर तिने तक्ता केला आणि तक्त्याने तिला बुचकळ्यात टाकलं. शेंगेतल्या बिया कधी सारख्या नसतात. एका झाडाच्या तीस शेंगांत कुठे चार, कुठे सहा, कुठे एखादी पोचट निघते. इथे एका झुडपाच्या तिसाच्या तीस शेंगांत अगदी एक आकडा. लक्ष्याच्या घरामागे आठ, काळ्याच्या घरामागे सहा, पाड्याच्या टोकाला राहणाऱ्या जानी म्हातारीच्या झुडपाला शेंगेत एकेकच बी. अपवाद फक्त मावशीच्या झुडपाचा होता. तीसपैकी सव्वीस शेंगांत पाच आणि चारांत सहा, त्यातलं सहावं बारीक, टोकाशी चिकटलेलं.

सरांनी फोनवर ऐकून घेतलं. "मोजताना चुकली असशील."

"नाही सर. दोनदा मोजलंय."

"मग वर्णनात लिही, बिया पाच, क्वचित सहा. बाकीची झुडपं नंतर बघू. पण फळाशिवाय वर्णन कोण छापणार? शेंगा आण. आणि त्या सहावाल्या आणशील तर चारही आण. एक आणलीस तर लोक म्हणतील, विकृती आहे."

तोवर तिने कच्चं वर्णन लिहायला घेतलं होतं. असलं लिहिणं तिला मनापासून आवडायचं. त्यात ना अर्ज, ना विनंती, ना 'आपली विश्वासू'. झुडूप कमरेइतकं, सरळ वाढणारं. शेंग फुगीर, लवदार. हिरवी असताना वाजत नाही, कारण बी देठाने शेंगेला घट्ट धरून असतं; वाळल्यावर सुटतं आणि मग वाजतं. गुरे खात नाहीत. या शेवटच्या वाक्यापुढे तिने बरोबरची खूणही केली, कारण मावशीच्या गाईला तिने स्वतः फांदी पुढे धरून पाहिली होती आणि गाईने तोंड फिरवलं होतं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी ती पुन्हा सायपाड्याला गेली. आदल्या खेपेला रिकाम्या हाताने सगळ्यांच्या परसात हिंडलो याची थोडी लाज होती, म्हणून तिने तलासरीच्या बाजारातून तिळाचे लाडू घेतले. माणशी एक द्यायचा, म्हणून प्रत्येक दारात विचारायला लागली, घरात किती जण?

"एकच दे गो," जानी म्हातारी म्हणाली. "मी एकटी."

लक्ष्याच्या बायकोने पोरांची नावं घेत बोटं मोडली आणि आठ मागितले. तिसऱ्या दारात पाच गेले. चौथ्या दारात सुषमाने विचारायच्या आधीच पिशवीतून तीन लाडू काढले, आणि ती बाई हसून म्हणाली, "तुला कसं ठाऊक, तिघंच आम्ही?" चारही दारांत तक्त्यातलाच आकडा. काळ्याच्या दाराशी आल्यावर तिला बरंच वाटलं. म्हातारा, काळ्या, त्याची बायको, चार पोरं, म्हणजे सात. झुडपावर सहा. चला, गणित चुकलं.

"सहा दे," काळ्या म्हणाला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. "बाप गेला. नवव्या दिवसाला आज."

डिसेंबरात म्हाताऱ्याने तिला पाट दिला, तेव्हा त्याच्या पाठीमागच्या झुडपावर प्रत्येक शेंगेत सहा बिया होत्या. सुषमा तिथून निघाली. योगायोग, असं ती मनाशी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. शिकलेल्या माणसाला एवढा एक शब्द पुरतो.

मावशीच्या घरात पाच माणसं. मावशी, चिमण काका, मुलगा मिथुन, त्याची बायको कमळी आणि शुक्री. कमळी चुलीपाशी बसून नागलीची भाकर थापत होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. भगत झाले, कासाचे, डहाणूचे डॉक्टर झाले. दोन वर्षांपूर्वी मिथुनला दुसरी बायको करायचा सल्ला द्यायला चार शहाणे घरी आले, तेव्हा मावशीने त्यांना चहासुद्धा दिला नव्हता.

सुषमाने मावशीला परसात नेलं. "मावशी, कमळीला दिवस गेलेत का?"

मावशीचा हात तिच्या मनगटावर घट्ट बसला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"मिथुनला नाय सांगितलं अजून. दोन महिने झाले. तीन होऊ दे." मावशी झुडपाकडे बघत होती. "यंदा मी घर नाय बघितलं. शेंग उघडली नाय."

"का?"

"नाय बघितलं तर राहतं," मावशी म्हणाली आणि घरात गेली.

कशाला खोटं सांगा, त्या क्षणी सुषमाला सगळं कळलं होतं. निदान कळल्यासारखं झालं होतं. दुसरी कुणी असती तर वही मिटून मुकाट्याने जीप पकडली असती. पण सुषमाला आपल्याला असं काही कळलं याचाच राग आला. आपण इथल्याच, याच पाड्यावर उघड्या पायाने हिंडलेल्या, आणि सहा वर्षं कॉलेजातल्या लोकांनी तोंडावर गोड बोलत आपलं पाड्यावरचं असणंच आपल्याला दाखवलं. आता भर उजेडात, हातात भिंग असताना, आपण शेंगेला भ्यायचं? मग स्टाफरूममधला तो मुलगाच कायम झाला ते बरं.

रविवारी मावशी आणि कमळी ओढ्यावर कपडे धुवायला गेल्या. सुषमा गोठ्यामागे गेली. सहावाल्या शेंगा तिने डिसेंबरातच दोऱ्याने खुणावून ठेवल्या होत्या. एव्हाना त्या वाळून तपकिरी झाल्या होत्या, जरा धक्का लागला की आत खुळखुळ व्हायची. तिने कात्रीने चारही कापल्या. चौथी कापताना तिला कमळीचं हसणं ऐकू आलं. ओढ्याकडून, बरंच लांबून. तिने शेंगा लिफाफ्यात घातल्या, दोरे खिशात टाकले आणि फांद्या नीट केल्या, म्हणजे मोडल्याचं दिसू नये. मग चहा पिऊन ती निघाली. कमळीने तिला वाटेत खायला उकडलेल्या शेंगा दिल्या, भुईमुगाच्या.

वाळवलेला नमुना फ्रीझरमध्ये उणे वीस अंशांवर आठवडाभर ठेवतात, म्हणजे आतली कीड मरते. सुषमाने तीन शेंगा ठेवल्या. चौथी तिने मागे ठेवली, बिया रुजतात का ते बघायला. डहाणूतच, आगरला तिची भाड्याची खोली होती, खाली मालकीण तुळशीबाई, वर ही एकटी. खिडकीच्या जाळीत रंगाचा रिकामा डबा होता. त्यात तिने सहाही बिया पेरल्या आणि वर तारीख लिहिली.

आठव्या दिवशी तिने फ्रीझर उघडला, तेवढ्यात शुक्रीचा फोन आला. शुक्री रडत नव्हती, नुसतं सांगत होती. काल दुपारपासून कमळीला त्रास होत होता. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण चांगली होती, तिने सगळं केलं. असं होतं कधी कधी, म्हणाली, कुणाची चूक नसते.

"बरं," सुषमा म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात थंडगार पाकीट होतं आणि ते खाली कुठे ठेवावं ते तिला सुचेना.

ती भेटायला गेली. न जाऊन कसं चालेल? कमळी भिंतीकडे तोंड करून निजली होती. मिथुन पायरीवर बसला होता, त्याला आपण बाप होणार होतो हे आणि होणार नाही हे एकाच दिवशी कळलं होतं. मावशी सुषमाला गोठ्यामागे घेऊन गेली.

"चार होत्या," मावशी म्हणाली.

सुषमा गोठ्यातल्या गाईकडे बघत होती.

"मी उघडली नाय, पण रोज सकाळी उन्हात बघत होते. चार होत्या." तिने एक कापलेला देठ बोटात धरला. "तू नेल्यास?"

"नाही मावशी. गुरांनी खाल्ल्या असतील."

मावशीने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर सुषमाला सोसला असता.

"गुरं ही खात नाय," मावशी म्हणाली.

हे तर सुषमाने स्वतःच लिहिलं होतं, बरोबरची खूण करून.

लेख पावसाळ्यात छापून आला. सरांचं नाव पहिलं, तिचं दुसरं, आणि झुडपाला नाव सरांच्या गुरूंचं. सहाव्या बीविषयी परीक्षकाने शंका काढली होती, म्हणून तिने शेवटी लिहिलं: 'बिया पाच, क्वचित सहा, सहावे बी पोचट.' कॉलेजात तिला पुष्पगुच्छ दिला आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करायला सांगितलं. कडू घोट ती गिळत आलीच होती, त्यात आणखी एक. सायपाड्याला ती त्यानंतर गेली नाही.

डब्यात पाच बिया कुजल्या. एकच रुजलं.

कुठलं, ते तिने उकरून बघितलं नाही. पाणी मात्र घालत राहिली. टाकून द्यावंसं वाटायचं आणि हात धजायचा नाही. पावसाळा सरता सरता झुडूप खिडकीच्या निम्म्यावर आलं, दिवाळीत पिवळं फुललं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती दुपारची कॉलेजातून परत आली. तुळशीबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही नसताना वर खुळखुळा कोण वाजवतं?"

"झाडाच्या शेंगा आहेत त्या," सुषमा म्हणाली. "वाऱ्याने वाजतात."

"असं होय."

ती जिना चढून वर गेली. खोली बंद होती तशीच होती. तिने झुडपाला हात लावला, फांदी हलवली, जोरात हलवली. आवाज झाला नाही. शेंगा कोवळ्या होत्या, हिरव्यागार. हिरवी शेंग वाजत नाही.

मग तिने एक शेंग उन्हाकडे वळवली.

दोन.

तिने तीस शेंगा मोजल्या, कारण मोजायच्या त्या तीस. तिसाच्या तीस शेंगांत दोन. एक मोठं, एक बारीक.

दाराबाहेर पाटीवर तिचं एकटीचं नाव होतं.

आठवड्याने पुन्हा मोजलं. बारीक बी आता तितकंसं बारीक राहिलं नव्हतं.

रविवारी तिने डबा पिशवीत घातला आणि स्टँडवर गेली. ज्याचं त्याला द्यावं, गोठ्यामागे ठेवावं, मावशीचे पाय धरावे, काय म्हणायचं ते म्हणू दे. तलासरीची गाडी लागली होती. ती पायरीवर चढणार तेवढ्यात शुक्रीचा फोन आला. शुक्रीचं वैशाखात लग्न होऊन ती गेली होती. माहेरी आले म्हणून सहज केला, म्हणाली.

"आईने घर बघितलं काल. चार बिया निघाल्या."

"बरं."

"कमळी विचारत होती, एखादी पाचाची दिसते का. आई म्हणाली, सगळ्या बघितल्या, नाय." मग तिने विचारलं, "तू कधी येशील ताई? आई तुझं नाव काढत नाय, पण तुझी पेटी पुसून ठेवते."

कंडक्टरने दोनदा विचारलं. सुषमा पिशवी पोटाशी धरून उभी राहिली आणि गाडी गेली. तिला बोलायची लाज वाटली, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. पिशवी कोमट लागत होती आणि ती तिला खाली ठेवावीशी वाटेना.

घरी आली तेव्हा तुळशीबाई ओटीवरच होत्या. पिशवीकडे बघून त्या हसल्या.

"वारा नाही हो मॅडम. पोरगं आणलंय ना तुम्ही? दुपारभर वर दुडदुडत असतं. कुणाचं?"

सुषमाने जिन्याच्या कठड्याला हात टेकला.

"मावशीच्या सुनेचं," ती म्हणाली.

"फार शहाणं आहे. कधी रडल्याचं ऐकलं नाही."

"नाही," सुषमा म्हणाली. "ते रडत नाही."